आजाऱ्यांच्या भेटीची पाळी

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आजाऱ्यांच्या घरी जाण्याची पाळी लावलेली असते. अगदी कागदावर, भिंतीला चिकटवलेली, कोणाकडे कोण जाणार, अंघोळीला मदत लागणार का नुसतं बसायचंय, औषधं आणायचीत का बँकेत पेन्शनचं काम आहे, सगळं लिहिलेलं. मी त्या पाळीत ईस्टरच्या आधीच्या एका उपवासकाळात शिरले आणि तेव्हापासून पुण्याच्या, नगरच्या, नागपूरच्या मंडळ्यांतल्या ओळखीच्या लोकांनी बरेचदा विचारलं की तुमच्या इंदूरला हे नक्की कसं चालतं, ट्रेनिंग कोण देतं, पैसा कुठून येतो, माणसं टिकतात कशी. म्हणून जसं घडत गेलं तसं लिहितेय, थोडं लांबेल.

आधी आमच्याबद्दल सांगते. माझे आजोबा नगरकडून गिरणीतल्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा इंदूरच्या कापड गिरण्या जोरात होत्या. घरात मराठी, गल्लीत हिंदी-माळवी आणि चर्चमध्ये हिंदी, असंच आम्ही वाढलो. उपासना हिंदीत होते, बाहेर पडल्यावर लोक एकमेकांना जय मसीह की म्हणतात, आमच्या घरात मात्र अजून जय ख्रिस्तच. मंडळीत मराठी कुटुंबं मोजकी, पण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा होते, पेटी काढली जाते, नारायण वामन टिळकांची पदं म्हटली जातात आणि नंतर पोहे, वर शेव आणि चहा, हे तर इंदूरमध्ये होणारच.

इथलं मिशनचं काम १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी सुरू केलं. १८८० च्या दशकात एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर या दोन डॉक्टर बाया इथे आल्या, त्या काळात बायकांना पुरुष डॉक्टरपुढे न्यायलाच घरचे तयार नसायचे तेव्हा या दोघी घरोघर जाऊन बाळंतपणं आणि आजार बघायच्या. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघालं. पुढे १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. हे सगळं आम्हाला शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेपासून, ऐकून पाठ आहे आणि त्याचा अभिमानही आहे, पण मला वाटतं याच अभिमानामुळे एक सवय लागली की सेवा म्हणजे दवाखाना, सेवा म्हणजे शाळा, कॉलेज, हॉस्टेल, म्हणजे एखादी इमारत आणि तिच्यावरची पाटी. आणि तिसऱ्या बाकावर बसणारे काका कधीपासून दिसले नाहीत हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. बीटीबाई आणि ऑलिव्हरबाई आधी लोकांच्या घरात शिरल्या होत्या, बांधकाम नंतर झालं, हे आपण विसरतो.

कोविडनंतर हे फार जाणवलं. उपासना मोबाईलवर सुरू झाली तशी घरी बसलेली म्हातारी माणसं चर्च उघडल्यावर परत आलीच नाहीत, काहींचे गुडघे गेले, काहींना सोबत आणणारा मुलगा पुण्याला बंगळुरूला गेला, काही अंथरुणाला खिळले. तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मंडळीचं सभासद रजिस्टर काढलं, वडीलजन (मंडळीचा कारभार बघणारे) आणि महिला मंडळाच्या दोघीतिघी यांना घेऊन बसले आणि एकेक नाव वाचून एकच प्रश्न विचारला, यांना शेवटचं कोणी पाहिलं. संपूर्ण रजिस्टर असं वाचायला बऱ्याच बैठका लागल्या. कितीतरी नावांपाशी खोलीत कोणीच बोललं नाही. कोणत्याही मंडळीला हे काम सुरू करायचं असेल तर माझ्या मते पहिली पायरी हीच, रजिस्टर काढा आणि मोठ्याने वाचा.

मग उपवासकाळातल्या एका रविवारी त्यांनी बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय घेतला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्नवाटप चालायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा राहून जात होत्या, म्हणून कुरकुर झाली, मग सात माणसं निवडली गेली. एवढं आपल्याला माहीत असतं. पाळकसाहेबांनी पुढे लक्ष वेधलं ते सातांच्या नावांकडे, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्यातल्याच लोकांकडे मंडळीने वाटपाची गुरुकिल्ली दिली. तक्रार करणाऱ्यांना समजावून गप्प बसवलं नाही, त्यांच्या हातात काम दिलं. मग ते म्हणाले की आपल्या यादीत मराठी आज्या-आजोबा बरेच आहेत, त्यांच्याकडे आपली हिंदी टीम जाते, प्रार्थना करते, ते हो हो म्हणतात आणि आपण परत येतो, मला या कामात मराठी घरातली माणसं हवीत. उपासना संपल्यावर मी आणि आमच्या गल्लीतली एक ताई, आम्ही दोघींनी नावं दिली.

नाव दिलं म्हणजे लगेच कोणाच्या घरी पाठवतील असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. आधी नियम. कायम दोघांनी जायचं, येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवलं तसं, आणि एकटी बाई असलेल्या घरी निदान एक बाई हवीच. फोटो काढायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. पैसे स्वतःच्या खिशातून हातावर ठेवायचे नाहीत, गरज दिसली तर खजिनदारांना सांगायचं, ते मंडळीच्या दया निधीतून, म्हणजे गरजूंसाठी ठेवलेल्या पैशातून, बघतील, कारण एकाने पाचशे दिले की दुसऱ्या भेटीला घरचे आपल्या चेहऱ्याकडे बघण्याऐवजी पिशवीकडे बघतात आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. आणि सगळ्यात कडक नियम, त्या घरात जे पाहिलं ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, प्रार्थनेच्या नावाखालीसुद्धा नाही. हे मला फार पटलं. आपल्याकडे प्रार्थनासभेत कोणीतरी हळू आवाजात म्हणतं, अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो परत प्यायला लागलाय, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला ठाऊक. ज्याच्यासाठी प्रार्थना व्हायची तो माणूस मग चर्चमध्ये पाय ठेवत नाही. म्हणून आता आजाऱ्याला विचारूनच त्याचं नाव प्रार्थनेला घेतलं जातं, आणि आजार काय ते सांगायचं का नाही हेही तोच ठरवतो.

नियमांनंतर ट्रेनिंग. दर शनिवारी दुपारी, मंडळीतल्याच एका रिटायर्ड स्टाफ नर्सकडून, ज्यांना आम्ही सगळे सिस्टर मावशी म्हणतो. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत निदान एक तरी नर्स असतेच, मला वाटतं कितीतरी मंडळ्यांत हा खजिना बाकांवर नुसता बसून आहे, कोणी विचारत नाही. मावशींनी पहिल्याच दिवशी टेबलं जोडून गादी टाकली आणि आम्हाला एकेक करून त्यावर झोपवलं. हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. मग दुसऱ्याने तुम्हाला कुशीवर वळवायचं, चमच्याने पाणी पाजायचं, तोंड पुसायचं. मी झोपले तेव्हा वरून दोघीजणी माझ्याविषयीच बोलत होत्या, हिला इकडे घेऊ का, हिचा हात सांभाळ, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. उठल्यावर मावशी म्हणाल्या, आता लक्षात ठेव, आधी नाव घेऊन सांगायचं की मी तुम्हाला आता डाव्या कुशीवर वळवतेय, मग हात लावायचा, पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं.

त्यांनी शिकवलेलं थोडं इथे लिहितेच कारण कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, पूर्ण आडवं कुशीवर नाही टाकायचं, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवायचं म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे रोज उजेडात बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा, बोट काढल्यावर क्षणभर पांढरट होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही तसाच लाल राहिला तर जखम सुरू झालीय असं समजून नर्स किंवा डॉक्टरला दाखवायचं. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे हाताला गरम लागतंय का, कडक लागतंय का ते बघायचं. त्या जागी चोळायचं नाही, आणि आपल्याकडे बसायला रबरी रिंग देतात ती द्यायची नाही, रिंगेच्या कडेने उलट रक्त अडतं. माणसाला चादरीवरून ओढत वर सरकवायचं नाही, कातडी सोलते, खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलायचं. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. नळीने फीड देताना डोक्याकडची बाजू उंच, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पक्षाघात झालेल्याचा लुळा हात धरून ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो, हे तर घरोघर होताना दिसतं, प्रेमानेच, पण होतं.

मावशींनी सिसिली सॉन्डर्सबद्दलही सांगितलं. इंग्लंडच्या ह्या बाई आधी नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेविका आणि मग मरणाऱ्या माणसांच्या वेदनांवर कोणी नीट काम करत नाही म्हणून मोठ्या वयात शिकून डॉक्टर झाल्या, श्रद्धेने ख्रिस्ती, १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस त्यांनी सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की शेवटच्या आजारात दुखणं एका जागचं नसतं, शरीराचं असतं, मनाचं असतं, घर-पैसा-नात्यांचं असतं आणि आत्म्याचंही असतं, आणि एकाकडे लक्ष दिलं नाही तर बाकीची वाढतात. आपल्या देशात असं पहिलं ठिकाण मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालं, शांती अवेदना सदन. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे जे शनिवारी शिकतोय ते दवाखान्याचं उरलेसुरलं काम नाही, याला स्वतःची परंपरा आहे.

पहिलं घर मिळालं ते मिलमधल्या एका काकांचं, गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झालेली, घशाचा कॅन्सर, इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलात ट्रीटमेंट घेऊन आता घरी आणलेले. मी आणि ताई स्तोत्रसंहिता घेऊन गेलो. काका हळू आवाजात म्हणाले, बेटा, प्रार्थना पुढच्या वेळी, आधी हा पंखा बघ, रात्री खडखडतो, झोप येत नाही. आम्ही इलेक्ट्रिशियन बोलावला, तो पंखा होईपर्यंत बसलो, काकूंबरोबर भाजी निवडली आणि परत आलो. पुढच्या भेटीत सरकारी उपचारांसाठीच्या आयुष्मान कार्डचं काम निघालं, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीत काकूंचं नाव वेगळं आणि आधारमध्ये वेगळं, तर त्यासाठी ताईने बरेच हेलपाटे घातले. प्रार्थना झाली ती नंतर कधीतरी, काकांनी स्वतःच म्हटलं तेव्हा, तेवीसावं स्तोत्र वाचलं आणि ते डोळे मिटून पडून राहिले.

त्यांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि घरचे देत नव्हते, मुलाला वाटायचं व्यसन लागेल, काकूंना वाटायचं की मॉर्फिन म्हणजे शेवट आला. सिस्टर मावशी स्वतः जाऊन बसल्या, समजावलं की डॉक्टरच्या हिशोबाने आणि वेळेवर दिली तर माणूस दुखण्यातून सुटतो, त्याला जेवता येतं, बोलता येतं, आणि २०१४ मध्ये कायदा बदलला तो यासाठीच की पेशंटला ही औषधं मिळणं सोपं व्हावं. त्यानंतर काका थोडे दिवस अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला लागले. करुणा करुणा आपण म्हणतो, त्या घरात ती घड्याळ बघून वेळेवर दिलेल्या गोळीत होती, मी डोळ्यांनी पाहिलं.

आता बाईंबद्दल सांगते, कारण या सगळ्या कामाबद्दल माझं जे मत झालंय ते बाईंच्या घरी झालं. बाई म्हणजे आमच्या मराठी शाळेतल्या जुन्या शिक्षिका, शब्बाथ शाळाही त्यांनी वर्षानुवर्षं घेतली, मंडळीतले निम्मे मोठे लोक त्यांच्या हाताखालून गेलेत. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेल्या की एखादाच शब्द, तोही भलताच, पाणी म्हणायचं असेल तर खिडकी निघतं, आणि मग त्या इतक्या चिडतात की हात आपटतात. आधीची टीम जायची ती हिंदीत प्रार्थना करायची, बाई भिंतीकडे तोंड करायच्या, तर सगळ्यांचा समज झाला की त्यांना आता कळत नाही. सुनेने मला दारातच सांगितलं, ताई, त्यांना सगळं कळतं, फक्त त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका.

आम्ही मराठीत बोललो, हळू, एका वेळी एकच गोष्ट, आणि उत्तराची वाट बघायची हे मावशींनी शिकवलं होतं. निघताना ताईने टिळकांचं एक पद म्हणायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला बाई आमच्याबरोबर गायला लागल्या. शब्दांसकट, स्पष्ट. सून स्वयंपाकघरातून धावत आली. त्यांच्या फिजिओथेरपिस्टने नंतर सांगितलं की असं होतं, बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला जास्त असतं आणि गाण्याला उजवी बाजूही कामाला येते, म्हणून काही पेशंट बोलू शकत नाहीत पण पाठ असलेलं गाऊ शकतात. आणि हेही सांगितलं की याला चमत्कार समजून थांबू नका, गाता आलं म्हणजे पाणी मागता येईल असं नाही. खरंच होतं ते, बाई अख्खं पद म्हणायच्या आणि लगेच पुढे डोकं दुखतंय हे सांगता यायचं नाही. म्हणून आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून बोर्ड केला, पाणी, चहा, संडास, दुखतंय, पंखा, झोप, बायबल, आणि बाईंच्या सुनेने त्यात एक चित्र वाढवायला सांगितलं, दार. म्हणजे आता सगळे बाहेर जा. बाई ते सगळ्यात जास्त दाखवतात आणि तो त्यांचा हक्कच आहे, आजारी माणसाच्या खोलीत कोण किती वेळ बसेल हे ठरवायला त्याला कोणी विचारतच नाही.

तिथेच मला कळलं की त्या घरात आमची जास्त गरज बाईंना नव्हती, सुनेला होती. ती रात्री उठते, कूस बदलते, सकाळी मुलांचे डबे, दिवसभर बाईंचं करणं, आणि येणारे सगळे बाईंची चौकशी करतात आणि हिच्या हातचा चहा पिऊन जातात. मग आम्ही पाळीच्या कागदावर वेगळा रकानाच केला, घरातल्या करणाऱ्या माणसाची सुट्टी. ठरलेल्या वाराला दोघी जातात, चहा स्वतः करतात, आणि सून घराबाहेर पडते. कुठे जाते ते विचारायचं नाही. एकदा तिनेच सांगितलं की ती राजवाड्याकडे जाऊन नुसती चालते, कधी माहेरी जाऊन झोपते. अशी सुट्टी आज आमच्या यादीतल्या बऱ्याच घरांत दिली जाते आणि मला विचाराल तर बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल पण हे चालू राहावं.

आणि मग नाताळच्या आधी बाईंनी मला बोर्डावरचं बायबलाचं चित्र दाखवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं, मग माझ्याकडे, परत परत. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, त्यांना प्रार्थनेची यादी हवी होती. कोणाकोणासाठी प्रार्थना करायची ती नावं, मोठ्या अक्षरात, त्यांच्या उशाशी. आम्ही त्यांना यादीतलं एक नाव समजत होतो आणि त्या यादी मागत होत्या. आता दर रविवारी संध्याकाळी ज्यांनी परवानगी दिलीय त्यांची नावं मोठ्या टाइपात छापून बाईंकडे जातात, त्या डाव्या हाताने एकेका नावावर बोट ठेवत जातात, आणि परीक्षेच्या दिवसांत शाळेतली मुलं स्वतः येऊन आपलं नाव लिहून जातात. पौलाने करिंथकरांना लिहिलं की शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अत्यंत गरजेचे आहेत, हे वचन मी लहानपणापासून ऐकतेय. आमच्या बैठकीत मी सांगितलं की प्रत्येक घरात जाताना एक प्रश्न न्यायचा, यांच्याकडे मंडळीसाठी काय आहे. एक आजोबा आता घरी पडल्या पडल्या फोनवरून नवीन मुलांना इंग्रजी शिकवतात, एक आजी चर्चमधल्या आल्टरच्या (वेदीच्या) कापडाला लेस विणून देते. ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही तो माणूस हळूहळू मंडळीच्या बाहेर जातो, त्याला कितीही डबे पाठवा.

मध्ये एकदा आमचा सगळा गट देवास जिल्ह्यात उदयनगरला जाऊन आला, सिस्टर राणी मारियांच्या समाधीला. आम्ही कॅथलिक नाही, पण इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला त्यांचं नाव परकं नाही. त्या तिथल्या आदिवासी बायकांचे बचत गट बांधायच्या, सावकाराच्या कर्जातून सोडवायला मदत करायच्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, मारणाऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली आणि घरच्यांनी त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच त्यांना धन्य घोषित केलं, कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची ही पायरी. परतीच्या गाडीत कोणी फारसं बोललं नाही, फक्त सिस्टर मावशी म्हणाल्या की लोक त्यांचं मरण सांगतात, मला त्यांच्या बचत गटाच्या वह्या बघायच्या होत्या.

काका गेले ते पावसाळ्यात, पहाटे. फोन आला तेव्हा पाळीवर जे होते ते आधी पोचले आणि मग काम वाटलं गेलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट एकाने, शवपेटीवाला एकाने, कबरस्तानात जाऊन कुटुंबाची जुनी कबर कुठली ते बघून खणणाऱ्यांना सांगणं तरुण संघाने, पुण्याहून येणाऱ्या मुलीला स्टेशनवरून आणणं एकाने. काकूंपाशी ताई बसली, तिला दुसरं कामच दिलं नाही. गल्लीतल्या मुलांनी, जी सगळी गणपती मंडळातली आहेत, आपणहून पेटीला खांदा दिला आणि शेजारच्या काकूंनी दोन्ही दिवस पिठलं-भात पाठवला. दफनविधी हिंदीत झाला, पण कबरीपाशी एक पद मराठीत म्हटलं, काकांनी तसं सांगून ठेवलं होतं. मृत्यूची नोंद नगर निगमात २१ दिवसांच्या आत करायची असते, ते काम आमच्या यादीत लिहिलेलंच असतं, कारण घरच्यांना त्या दिवसांत आठवत नाही आणि नंतर पेन्शनपासून बँकेपर्यंत सगळं त्यावरच अडतं. आणि काकूंचं नाव यादीतून गेलं नाही. महिन्याने, जेव्हा सगळे नातेवाईक परत गेले आणि फोन यायचे बंद झाले, तेव्हा भेटी वाढवल्या, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, हे दिवस कागदावर आधीच लिहिलेले असतात.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते. बराचसा पैसा कापणीच्या सणातून येतो. त्या दिवशी लोक घरून भोपळा, गहू, अंडी, लोणच्याच्या बरण्या, केक, जे असेल ते आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, एकच भोपळा विकत घेऊन परत दान केला जातो आणि पुन्हा बोली लागते. तो पैसा पूर्वी सगळा रंगरंगोटी आणि साउंड सिस्टिमकडे जायचा, आता ठरावीक भाग दया निधीत जातो, हे कमिटीत पास करून घ्यायला बराच वाद झाला आणि होऊ द्यावा, वादातून ठरलेली गोष्ट टिकते. त्यातून एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, वॉकर, उशीला टेकून बसायची पाठ, असं सामान घेऊन ठेवलंय, ज्याला लागेल त्याने न्यायचं, काम झालं की धुऊन आणून द्यायचं. शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान घरांतूनही लोक मागायला येतात, त्यांना देताना आमच्याकडून एकच गोष्ट विचारली जाते, पेशंटचं वजन किती, कारण मॅट्रेसची हवा त्यावर ठरते.

सध्या उताराचं काम चाललंय. बाईंना रविवारी चर्चला यायचंय, बोर्डावर आता चर्चचं चित्रही आहे. दोनदा चार जणांनी व्हीलचेअर उचलून आत नेली, बाईंना ते आवडलं नाही, सगळ्यांसमोर अधांतरी असं, आणि त्यांनी पुढच्या वेळी दाराचं चित्र दाखवून यायला नकार दिला. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, आमच्या पायऱ्या दीड फूट उंच, म्हणजे अठरा फूट, आणि मधे कडुनिंब. काही जणांचं म्हणणं झाड काढा, काही जणांचं उतार तीव्र करा, शेवटी झाडाला वळसा घालून मधे सपाट जागा ठेवून उतार न्यायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्टरने रेट दिलाय, पावसाळ्याआधी पुरं करायचंय. आणि नवीन ट्रेनिंग सुरू होतंय, त्यात यावेळी पुरुष हवेत, कारण आजारी पुरुषांची अंघोळ, दाढी, उचलणं यासाठी आमच्याकडे हात कमी पडतात आणि आजोबांना बायकांकडून करून घ्यायला संकोच वाटतो. इंदूरमध्ये जे मराठी बांधव हे वाचतायत त्यांनी आपल्या मंडळीत विचारा, आमच्याकडे यायचं असेल तर शनिवारी दुपारी चारला या, मावशी वेळेवर सुरू करतात.